‘अ‍ॅलर्जी : निल’ : बेळगावच्या आरोग्य यंत्रणेला एक खुलं पत्र

प्रति,
मा. आरोग्य मंत्री, कर्नाटक राज्य,
मा. जिल्हाधिकारी आणि मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, बेळगाव,
तसेच बेळगाव जिल्ह्यातल्या सर्व सरकारी व खासगी रुग्णालयांची व्यवस्थापनं

स.न.वि.वि.

हेपारिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाची एक गंभीर रिअ‍ॅक्शन काही रुग्णांना येते : प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी होतात आणि तरीही शिरांत गुठळ्या होतात. डॉक्टर तिला ‘एचआयटी’ (हेपारिन-इन्ड्यूस्ड थ्रॉम्बोसायटोपेनिया) म्हणतात. तिच्याबद्दल रुग्णालयांना लेखी सूचना द्याव्यात, असा अर्ज मी केला होता. एका सरकारी कार्यालयातून त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं : बाब दुर्मिळ आहे, स्वतंत्र सूचनेची गरज दिसत नाही. खाली सही, शिक्का, जावक क्रमांक, सगळं रीतसर. हे उत्तर फाईलला लावून गप्प बसणं मला जमेना, म्हणून आता चारचौघांत लिहितो आहे.

खानापूर तालुक्यात माझं औषधांचं दुकान आहे. मी डॉक्टर नाही आणि डॉक्टरांना डॉक्टरकी शिकवायचा माझा इरादाही नाही. पण चिठ्ठ्या वाचण्यात आणि त्या घेऊन येणाऱ्या माणसांशी बोलण्यात माझं आयुष्य गेलं आहे. शिवाय ज्या बाईच्या पायाची बोटं या ‘दुर्मिळ बाबी’त गेली, ती माझी सख्खी मोठी बहीण आहे. आमची अक्का.

नंदगडच्या पुढं तिचं गाव. ऐन पावसात परसातल्या शेवाळावरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पडून राहिल्यानं पायात रक्त साकळू नये म्हणून पोटावर, बेंबीच्या बाजूला इंजेक्शनं चालू होती. तेही बरोबरच. आठवडाभरानं तिच्या प्लेटलेट २ लाख ४० हजारांवरून ७० हजारांवर आल्या. आपल्याकडं पावसाळ्यात प्लेटलेट कमी म्हटलं की डेंग्यू, पुढचा विचार कुणी करतच नाही. अक्काला ताप नव्हता. डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली. तरी प्लेटलेटच्या पिशव्या चढल्या, दाजी गावाकडनं पपईची पानं घेऊन आले, शेजारच्या खाटेवरच्यांनी किवी दिली. जो तो येऊन एकच विचारायचा, ‘प्लेटलेट किती झाल्या?’ मग डावा पाय सुजून टणक झाला. डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, केली तर मांडीच्या शिरेत गुठळी. प्लेटलेट कमी म्हणून इंजेक्शन थांबवलंच होतं, आता रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली. त्या गोळीवर पायाची बोटं आधी जांभळी पडली, मग काळी.

आम्ही तिला सीमेपलीकडच्या एका शहरात हलवलं. तिथं सिस्टरनी नेहमीच्या रिवाजाप्रमाणं सलाईनची सुई तुंबू नये म्हणून तिच्यात हेपारिनचं पाणी सोडलं. हेपलॉक म्हणतात त्याला. अर्ध्या तासाच्या आत अक्काला हुडहुडी भरली, धाप लागली, ओठ निळे दिसायला लागले. ड्यूटीवर एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी आधी ती सुई काढायला लावली आणि मग आम्हाला विचारलं, पहिल्या दवाखान्यात पोटावर टोचत होते ते औषध कोणतं? आम्ही डिस्चार्ज कार्ड पुढं केलं. ऑपरेशनचं नाव, हाडाला बसवलेल्या प्लेटचा नंबर, अ‍ॅन्टिबायोटिकं, मलमपट्टीच्या तारखा, सगळं होतं. हेपारिन कुठंच नव्हतं. वरच्या कोपऱ्यातल्या चौकटीत सुबक अक्षरात लिहिलेलं : अ‍ॅलर्जी, निल. शेवटी दाजींच्या पिशवीत चुरगळून पडलेल्या औषधांच्या बिलांवरून मी ते नाव शोधून काढलं. माझ्या जागी शेतकरी किंवा गवंडी भाऊ असता तर त्यानं काय केलं असतं?

त्या डॉक्टरबाईंनी दिवस मोजले, आकडे मांडले आणि निदान केलं : हेपारिनची रिअ‍ॅक्शन. हेपारिनच्या प्रत्येक थेंबाला बंदी घातली, गोळी थांबवून व्हिटॅमिन के दिलं आणि फोंडापॅरिनक्स हे रक्त पातळ करणारं दुसरं, हेपारिन नसलेलं औषध सुरू केलं. रक्ताचा नमुना दूरच्या प्रयोगशाळेत गेला, पण रिपोर्टची वाट बघत त्या बसल्या नाहीत. पॉझिटिव्ह रिपोर्ट आला तेव्हा अक्काच्या प्लेटलेट चढणीला लागल्या होत्या. पाय वाचला. बोटं वाचली नाहीत.

आता ‘दुर्मिळ’बद्दल. हेपारिन शरीरात गेलं की ते प्लेटलेटमधून बाहेर पडणाऱ्या ‘प्लेटलेट फॅक्टर ४’ या प्रथिनाला चिकटतं. काहींच्या शरीराला ही जोडी परकी वाटते. तिच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात आणि त्याच प्लेटलेटना चेतवतात. त्यामुळं कागदावर प्लेटलेटचा आकडा खाली येतो आणि आत मात्र रक्त गोठत असतं. रक्त वाहतं राहावं म्हणून दिलेल्या औषधानं रक्त गोठतं, म्हणूनच हे पटकन कुणाच्या ध्यानात येत नाही. अमेरिकेतल्या दोन सर्जननी हेपारिनवर असलेल्या रुग्णांत अशा गुठळ्या पहिल्यांदा नोंदवल्या त्या १९५८ साली. म्हणजे राज्यपुनर्रचनेत आम्हाला तेव्हाच्या म्हैसूर राज्यात घातलं, त्यानंतर दोनच वर्षांनी. ही प्रतिकारशक्तीची करणी आहे हे १९७३ सालच्या सुमारास कळलं. २०२१ साली काही कोरोना लशींनंतर क्वचित गुठळ्या होतात म्हणून जगभर गाजावाजा झाला, तेव्हाही अँटिबॉडी याच प्रथिनाविरुद्धच्या निघाल्या आणि उपचारही बराचसा इथूनच उचलला गेला. तेव्हा ही नवी माहिती आहे, असं कुणी म्हणू नये.

किती जणांना होतं? साध्या हेपारिनवर, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, साधारण शंभरात एक ते पाच जणांना. आता जास्त वापरलं जाणारं कमी रेणुभाराचं हेपारिन असेल तर त्याहून बरंच कमी, शंभरात एकाच्या आत. बायकांना पुरुषांपेक्षा धोका अधिक. आणि ज्यांना होतं त्यांच्यावर वेळेत उपचार बदलला नाही तर जवळपास निम्म्यांना गुठळी होते : पायात, फुप्फुसात, कधी मेंदूत. जिल्ह्यात हाडांची, हृदयाची ऑपरेशनं रोज होतात, डायलिसिसच्या खुर्च्यांवर आठवड्यातून दोन-तीनदा तीच माणसं येऊन बसतात आणि त्यातल्या बहुतेकांना दर वेळी हेपारिन मिळतं. या सगळ्यांची बेरीज केली तर ‘दुर्मिळ’ या उत्तरात काही दम राहत नाही.

हे वाचून कुणी घाबरून आपलं हेपारिन बंद करायला सांगू नये, हेही इथंच सांगतो. हेपारिनमुळं वाचलेली माणसं मी मोजू शकणार नाही इतकी आहेत. ते औषध हवंच आहे. त्याच्यावर नजर नाही, ही माझी तक्रार आहे.

पहिली तक्रार प्लेटलेटच्या तपासणीची. ही रिअ‍ॅक्शन बहुधा इंजेक्शन सुरू झाल्यापासून पाचव्या ते दहाव्या दिवसात दिसते. मागच्या महिन्या-दोन महिन्यांत हेपारिन मिळालं असेल तर चोवीस तासांतही दिसते. अमेरिकन रक्तविकार तज्ज्ञांच्या संघटनेची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की, ज्यांना धोका आहे त्यांच्या प्लेटलेट चौथ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत दर दोन-तीन दिवसांनी बघाव्यात. साधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, जी तालुक्याच्या कुठल्याही लॅबमध्ये होते. पण पाचव्या दिवशी रुग्णाला घरी पाठवायचं, इंजेक्शनं गावातल्या सिस्टरकडून टोचून घ्यायला सांगायचं आणि तपासणीबद्दल चकार शब्द काढायचा नाही, ही आपल्याकडची रीत आहे. घरी गेल्यावर पाय सुजला तर जांबोटी-कणकुंबीकडचा माणूस आधी तेल लावून बघतो. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

डेंग्यूचं खूळ हा याच तक्रारीचा भाग. डेंग्यू खरा आहे, दर वर्षी येतो, जीवही घेतो. पण ताप नसलेल्या, हेपारिनवर असलेल्या, ऑपरेशनला आठवडा झालेल्या माणसाच्या प्लेटलेट निम्म्याहून खाली आल्या तर आधी हेपारिनचा संशय घ्यायला हवा. त्यासाठी मशीन लागत नाही. ‘चार टी’ नावाचा हिशेब डॉक्टर लोकांना शिकवलेला असतो : प्लेटलेट किती घसरल्या, कितव्या दिवशी घसरल्या, नवी गुठळी झाली का, दुसरं काही कारण दिसतं का. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, एकूण आठ. तीन किंवा कमी आले तर ही रिअ‍ॅक्शन नसल्याची जवळजवळ खात्री. चार किंवा जास्त आले तर हेपारिन बंद करून दुसरं औषध सुरू करायचं, रिपोर्ट नंतर येऊ दे. आणखी एक खूण आहे : या रिअ‍ॅक्शनमध्ये प्लेटलेट २० हजारांच्या खाली क्वचितच जातात, आणि रक्तस्राव सहसा होत नाही. रक्तस्राव होत नसेल तर अशा रुग्णाला नुसता आकडा वाढवायला प्लेटलेट चढवू नयेत, असंच मार्गदर्शन आहे. अक्काला त्या चढवल्या गेल्या, कारण सगळ्यांचं लक्ष आकड्यावर होतं.

दुसरी तक्रार गोळीची, आणि ती मला सगळ्यात जास्त बोचते, कारण ती गोळी माझ्याही दुकानातून जाते. वॉरफेरिन आणि त्याच जातीची असेनोकुमारॉल. हृदयाची झडप बदललेल्या लोकांना ती रोज लागते, चांगली गोळी आहे. पण या रिअ‍ॅक्शनच्या पहिल्या दिवसांत, प्लेटलेट खाली असताना ती दिली तर शरीरातलं ‘प्रोटीन सी’ नावाचं गोठण रोखणारं प्रथिन ती आधी कमी करते. आधीच भडकलेलं गोठण मग बारीक शिरांपर्यंत पोचतं आणि बोटं, पाय सडतात. म्हणून प्लेटलेट दीड लाखांवर येईपर्यंत ही गोळी सुरू करायची नाही आणि चुकून सुरू झाली असेल तर व्हिटॅमिन के देऊन तिचा असर उतरवायचा, हा नियम आहे. तो वॉर्डातल्या भिंतीवर कागदाच्या एका तावावर मावतो. आहे का कुठल्या भिंतीवर?

नुसतं हेपारिन थांबवून भागत नाही, हेही त्याच तावावर लिहावं. अँटिबॉडी अंगात असतातच, त्यामुळं दुसरं रक्त पातळ करणारं औषध लगेच द्यावं लागतं. गुठळी झालेली असेल तर साधारण तीन महिने. यासाठीचं फोंडापॅरिनक्स दिवसातून एकदा कातडीखाली टोचतात. रिव्हारोक्साबॅन, अ‍ॅपिक्साबॅन या गोळ्याही, रुग्णाची स्थिती बरी असेल तर, चालतात आणि त्या आता औषध दुकानांत सर्रास मिळतात. मूत्रपिंड निकामी झालेल्याला फोंडापॅरिनक्स चालत नाही, त्याला अर्गाट्रोबॅन लागतं. ते मात्र आमच्या तालुक्यात मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. फार बिघडलेल्या रुग्णाला शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देतात. ही महागडी पायरी झाली. माझं म्हणणं पहिल्या पायरीपुरतं आहे.

तिसरी तक्रार कार्डाची. ज्याला ही रिअ‍ॅक्शन एकदा आली, त्याला पुढच्या तीन-चार महिन्यांत हेपारिनचा थेंबही धोक्याचा, आणि नंतरही डॉक्टरांना आधी सांगावंच लागतं. आता आमच्या भागातल्या माणसाचा प्रवास बघा. ऑपरेशन बेळगावात, पुढचं दुखणं कोल्हापूर किंवा मिरजेत, लेक गोव्यात कामाला म्हणून कधी बांबोळीला, कधी हुबळीला. दोन-तीन राज्यं, तीन-चार भाषा, आणि रुग्णाबरोबर जाणारी एकच गोष्ट म्हणजे ते कार्ड. अक्का दुसऱ्या दवाखान्यातून घरी आली त्यानंतर पहिल्या दवाखान्यातून मी तिच्या कागदांची दुसरी प्रत मागून घेतली. एवढं सगळं घडून, पत्रव्यवहार होऊनही त्या छापील चौकटीत तेच : निल.

आणि कार्ड कळेल अशा भाषेत हवं. ऑपरेशनआधी दाजींनी ज्या संमतीपत्रावर अंगठा केला ते कानडीत आणि इंग्रजीत होतं. दाजींना बाजारापुरती कानडी येते, वाचता येत नाही. मी कानडीच्या विरोधात नाही, माझ्या दुकानाची पाटी कानडीत आहे आणि निम्मी गिऱ्हाइकं कानडीच बोलतात. अथणी किंवा सौंदत्तीच्या कानडी माणसालाही इंग्रजी कार्ड तितकंच परकं. पण ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर आहेत, तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्याही भाषेत द्याव्यात, हे १९५६ पासूनचं केंद्राचं धोरण आहे. खानापूर तालुक्यात ही टक्केवारी काढायला गणिताची गरज नाही. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो तिथं राहू दे. २०२३ साली महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, तेव्हा दोन्हीकडून काय निवेदनं निघाली! त्या गदारोळात डिस्चार्ज कार्डावर काय लिहिलेलं असतं, हे कुणी विचारलं नाही.

चौथं, थोडक्यात. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा केंद्राचा कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, त्याचं मुख्य केंद्र गाझियाबादला आहे. रुग्णानं स्वतः भरायचा त्यांचा फॉर्म मराठीत आहे, कानडीतही आहे. १८००-१८०-३०२४ हा फुकटचा फोन आहे. अक्काचा फॉर्म मी भरला. रुग्णालयातून कुणी भरला का, असं विचारलं तर समोरच्या माणसाला असा फॉर्म असतो हेच ठाऊक नव्हतं. नोंदच करायची नाही आणि मग म्हणायचं की प्रकार दुर्मिळ आहे!

आता मागण्या.

हेपारिन मिळालेल्या प्रत्येक रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर औषधाचं नाव, सुरू केल्याची आणि थांबवल्याची तारीख लिहिणं बंधनकारक करावं. रिअ‍ॅक्शन आली असेल तर लाल शाईत, कानडी, मराठी आणि इंग्रजीत, जिथं गरज आहे तिथं उर्दूत. तशा रुग्णाला खिशात ठेवता येईल असं वेगळं छोटं कार्डही द्यावं. शिक्क्याचा खर्च येईल तेवढाच.

शस्त्रक्रियेनंतर हेपारिन चालू असलेल्यांच्या प्लेटलेट चौथ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत ठरावीक अंतरानं बघितल्या जाव्यात. घरी गेलेल्यांसाठी ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तालुका इस्पितळात मोफत व्हावी. पाय सुजणं, छातीत दुखणं, धाप लागणं, टोचल्या जागी कातडी काळी पडणं, ही लक्षणं घरच्यांना त्यांच्या भाषेत सांगून मगच डिस्चार्ज द्यावा.

‘चार टी’चा तक्ता आणि ‘प्लेटलेट चढेपर्यंत वॉरफेरिन नाही’ हा नियम प्रत्येक वॉर्डात, आयसीयूत आणि डायलिसिस केंद्रात लावावा. संशयित रुग्णाच्या खाटेला ‘हेपारिन नको’ अशी पाटी लावावी, म्हणजे रात्रपाळीच्या सिस्टरना ते सांगायला कुणी लागणार नाही. सुया तुंबू नयेत म्हणून बहुतेक ठिकाणी साधं सलाईन पुरतं, तिथं हेपलॉक बंद करावं.

फोंडापॅरिनक्सचा साठा प्रत्येक तालुका इस्पितळात, आणि अर्गाट्रोबॅनचा निदान जिल्ह्यात एका ठिकाणी, दिवसरात्र मिळेल असा ठेवावा. तो कुठं आहे हे सगळ्या रुग्णालयांना कळवावं.

खासगी रुग्णालयांसाठी मा. जिल्हाधिकाऱ्यांना वेगळं सांगतो. २०१७ सालच्या दुरुस्तीनंतर खासगी वैद्यकीय आस्थापनांच्या कायद्यात रुग्णांची सनद आहे आणि तक्रार निवारणाची जिल्हा पातळीवरची व्यवस्था आपल्या अध्यक्षतेखाली आहे. कार्डाची ही अट तिथून घालता येईल. नवा कायदा लागत नाही.

दर वर्षी हिवाळी अधिवेशन बेळगावात, सुवर्ण विधानसौधात भरतं. यंदाचं अधिवेशन सुरू होण्याआधी ही सूचना निघावी. मला भरपाई नको, कुणाची बदली नको, कुणावर कारवाई झाली म्हणून अक्काला चप्पल घालता येणार नाही. उत्तर कानडीत आलं तरी चालेल, मी वाचून घेईन. ते महिनाभरात आलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाकून विचारीन की गेल्या पाच वर्षांत जिल्ह्यातल्या सरकारी इस्पितळांनी हेपारिनच्या किती रिअ‍ॅक्शन गाझियाबादला कळवल्या, आणि येईल तो आकडा इथंच छापीन.

आपला,
खानापूर तालुक्यातला एक औषध विक्रेता